उघडली मूठ

खेळाडूने खेळ संपल्यावर काय करावं, या प्रश्नाला आपल्याकडे पूर्वी सोपं उत्तर होतं: बँकेत लागावं. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, हे आम्ही बँकवाले अशा थाटात सांगतो, जणू १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड आम्हीच कॅश काउंटरवर बसून जिंकलं! पैलवान असला तर तो तालीम काढतो. अमेरिकेतला खेळाडू मात्र हॉटेल काढतो. भिंतींवर स्वतःच्या तसबिरी, एका बाजूला बार आणि टेबलांवर त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी चघळणारी गिऱ्हाइकं. या पंथातलं बडं प्रस्थ म्हणजे मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. डेम्प्सीची झाकली मूठ याहून बरीच महाग होती. १९२१ साली फ्रान्सच्या कार्पांतिएशी त्याची लढत झाली, तेव्हा तिकिटांचे १७ लाख ८९ हजार डॉलर जमले. मुष्टियुद्धाच्या गल्ल्याने दहा लाखांचा आकडा ओलांडला तो तेव्हा प्रथम. पण गंमत बघा, पैसे मोजून आलेल्यांतल्या पुष्कळांना डेम्प्सी हरायला हवा होता. कार्पांतिए महायुद्धात लढलेला वीर आणि डेम्प्सीवर लष्करभरती चुकवल्याचा डाग! गोदीत काम करतानाचा त्याचा एक फोटो १९१८ साली छापून आला होता. अंगात कामगाराचे कपडे आणि पायांत चकचकीत पेटंट लेदरचे बूट. बुटांनी घात केला. १९२० साली ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं, पण लोकांनी काही निकाल फिरवला नाही. आणि लोकांकडे अपील कुठं करणार?

मग १९२६ साली फिलाडेल्फियात, लाखावर प्रेक्षकांसमोर, जीन टनीने त्याची सात वर्षांची गादी घेतली. सुजलेला चेहरा बघून बायकोने विचारलं, ‘हे काय झालं?’ तर म्हणाला, ‘अगं, डोकं खाली घ्यायचं विसरलो!’ मार खाऊन असं बोलणाऱ्यावर रागावणार तरी किती? पुढल्या वर्षी शिकागोत त्याने टनीला सातव्या फेरीत खाली पाडलं. पण नियम असा, की पाडणाऱ्याने आधी दूरच्या कोपऱ्यात जायचं. मग पंच अंक मोजणार. डेम्प्सी तिथेच उभा राहिला. मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीला दहाऐवजी चौदाएक सेकंद मिळाले. तो उठला, सावरला आणि गुणांवर जिंकला. आमच्याकडे मोजणीत चूक झाली की संध्याकाळी खिशातून भरावी लागते. डेम्प्सीने चार सेकंदांच्या तुटीत जगज्जेतेपद भरलं. टनीशी पुढे त्याची दोस्ती झाली आणि ज्या लोकांना तो जिंकताना नकोसा झाला होता, त्यांचाच हरल्यावर लाडका झाला.

या लाडाचं रूपांतर १९३५ साली हॉटेलात झालं. १९२९च्या मंदीत त्याचा बराच पैसा बुडाला होता. न्यूयॉर्कमध्ये आठव्या ॲव्हेन्यूवर, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या समोर त्याने हॉटेल काढलं. पुढे ते ब्रॉडवेवर गेलं. तिथला चीजकेक नामी होता. पण लोक काय निव्वळ चीजकेकसाठी जात? चीजकेक न्यूयॉर्कमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. इथे खिडकीजवळच्या टेबलाशी खुद्द मालक बसलेला असे. हात मिळवायचा, सही द्यायचा, फोटोसाठी गिऱ्हाइकाच्या हनुवटीला मूठ टेकवून उभा राहायचा. ज्या मुठीने विलर्डसारख्या धिप्पाड गड्याला १९१९ साली पहिल्याच फेरीत सात वेळा आडवं केलं, ती आपल्या हनुवटीला हळूच टेकलेली! बिलात ही रक्कम लावलेली नसे.

त्या विलर्ड-लढतीचं भलंमोठं चित्रही हॉटेलात होतं. चित्रकार कोण, तर जेम्स माँटगोमेरी फ्लॅग. १९१७ साली बोट रोखून ‘तू सैन्यात ये’ म्हणणारा अंकल सॅम ज्याने काढला, तोच! भरती चुकवल्याचा ठपका असलेल्याच्या भिंतीवर भरतीवाल्याचंच चित्र. आणि दुसऱ्या महायुद्धात पन्नाशीकडे झुकलेला डेम्प्सी तटरक्षक दलात अधिकारी झाला होता. हिशेब कधी कधी असा उशिरा जुळतो.

१९७२च्या ‘गॉडफादर’मध्ये अल पचिनो गाडीची वाट बघत उभा राहतो, तो याच हॉटेलापुढे. दोनच वर्षांनी, १९७४ साली, हॉटेल बंद पडलं. टनीने डेम्प्सीला गुणांवर हरवलं होतं. घरमालकाने भाडेकरारावर हरवलं. त्या लढतीत दहा आकडेदेखील मोजत नाहीत. १९८३ साली डेम्प्सी गेला.

चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. झाकल्या मुठीची किंमत तर आकड्यांत नोंदलेलीच आहे. उघडल्या मुठीची मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही. सापडेल कशी? चाळीसएक वर्षं गिऱ्हाइकं ती रोज थोडी थोडी घरी घेऊन गेली.

हे वाचल्यापासून मीही काउंटरवर येणाऱ्याकडे बघून हसायचं ठरवलंय. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या पेन्शनरने घाबरून विचारलं, ‘का हो, खातं बंद झालं का माझं?’