पहिली सपाट पाटी

आपण वर्गात फूटपट्टीने सरळ रेषा आखतो. पण पहिली पट्टी सरळ आहे हे कशावरून ठरवले असेल? सपाट पृष्ठाचा प्रश्नही असाच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील कारखान्यांत ओतीव लोखंडाच्या पाट्या कुरुंदाची पूड घालून एकमेकींवर घासत असत. पूड सारखी पसरत नसे. उंचवट्यांबरोबर खोलगट भागही झिजत. १८४० साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे निबंध वाचला आणि घासण्याऐवजी खरवडण्याचा आग्रह धरला. एका पाटीला तेलात कालवलेला गेरू लावायचा, तिच्यावर दुसरी टेकवायची. रंग लागेल तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा.

यासाठी पाते उत्तम पोलादाचे हवे. जुन्या कानशीचे टोक घासूनही ते करता येते. धार बोथट झाली की पाते कापत नाही, नुसते घसरते आणि ओरखडे काढते. म्हणून ते तेल घातलेल्या दगडावर पुन्हा पुन्हा परजावे लागते.

तरीही एक अडचण उरते. दोनच पाट्या असल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या जुळतात. म्हणून पाट्या तीन घ्यायच्या. फुगीर पाटीशी जुळणाऱ्या दोन्ही पाट्या खोलगट होतील. त्या एकमेकींशी जुळणारच नाहीत. तिन्ही पाट्या आलटूनपालटून, कशाही फिरवून जुळल्या, तरच त्या सपाट!

अचूक यंत्रे नंतर आली. त्याआधी हात, धारदार पाते आणि तर्क यांतूनच अचूकता जन्मली. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्यांच्या कडा उलटसुलट जुळवून हा तर्क आपल्याला वर्गातही पडताळता येईल.