घरगुती ध्वनी विवर्धक

घरगुती ध्वनी विवर्धक म्हणजे हौशी व्यक्तीने किंवा विद्यार्थ्याने सुटे भाग जोडून स्वतः तयार केलेले ध्वनी विवर्धनाचे साधन होय. व्यवहारात त्यास 'अँप्लिफायर' म्हणतात. मोबाइल, रेडिओ किंवा मायक्रोफोन यांतून मिळणारा क्षीण विद्युत संकेत स्पीकरचा पडदा हलवू शकेल इतका प्रबळ करणे हे त्याचे कार्य आहे. हे साधन बनविणे फारसे अवघड नाही. परंतु त्याचा वीजपुरवठा घरातील २३० व्होल्ट विजेवरून घेतला जात असल्याने बांधणी व दुरुस्तीत हलगर्जीपणा झाल्यास जीवितास धोका संभवतो.

पार्श्वभूमी

अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तयार केलेली 'ऑडियन' ही निर्वात नलिका पुढे विवर्धनासाठी उपयोगात आली. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध केलेला विवर्धकाचा आराखडा हौशी लोकांनी मोठ्या प्रमाणावर बांधला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. या संशोधनासाठी जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन आणि विल्यम शॉक्ली यांना १९५६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे संपूर्ण विवर्धक एका आयसीमध्ये सामावू लागल्यामुळे हा छंद शाळकरी विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथील दुकाने अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत.

निर्वात नलिकांच्या विवर्धकात काही शे व्होल्टचा एकदिश दाब असतो. त्यामुळे नवशिक्याने सुरुवात नलिकांच्या विवर्धकापासून करू नये.

आयसीची निवड

पहिल्या प्रयोगासाठी एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी सोयीची आहे. ती ४ ते १२ व्होल्टवर चालते व तिला ९ व्होल्टची बॅटरी पुरते. अन्य भाग न जोडता तिचे विवर्धन २० पट असते. पाय १ व ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडल्यास ते २०० पट होते. तिची शक्ती एका वॉटपेक्षा कमी आहे. मात्र घरातील विजेशी संबंधच येत नसल्याने विद्यार्थ्यांनी तिच्यापासूनच आरंभ करणे इष्ट ठरते.

खोलीभर आवाजासाठी टीडीए २०३०ए ही पाच पायांची आयसी लोकप्रिय आहे. पुढील विवेचन मुख्यतः तिच्या अनुषंगाने केले आहे.

वीजपुरवठा

या विवर्धकास धन व ऋण असा दुहेरी एकदिश दाब लागतो. त्यासाठी मध्यबिंदू असलेले रोहित्र, चार डायोडांचा ब्रिज आणि दोन मोठी धारित्रे वापरतात. रोहित्रावर '१२–०–१२' असे लिहिलेले असले, तरी एकदिश दाब १२ व्होल्ट नसतो. प्रत्यावर्ती दाबाचे कमाल मूल्य १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट असते. डायोडमध्ये घटणारा ०.७ व्होल्ट वजा जाता धारित्रांवर प्रत्येक बाजूस सुमारे १६ व्होल्ट मिळतात. रोहित्रावर भार नसताना किंवा घरातील दाब वाढलेला असताना हाच आकडा १८ व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो.

साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा ±१८ व्होल्ट, तर टीडीए २०३०ए ची ±२२ व्होल्ट आहे. म्हणून १२–०–१२ रोहित्राबरोबर 'ए' अक्षर असलेली आयसीच वापरावी. साधी असल्यास ९–०–९ रोहित्र घ्यावे. धारित्रे किमान २५ व्होल्टची असावीत.

बांधणी

प्रचलित मंडलात निर्गम व ऋण आगम (पाय ४ व २) यांमध्ये २२ किलोओहमचा रोधक असतो. पाय २ पासून ६८० ओहमचा रोधक व २२ मायक्रोफॅरडचे धारित्र एकापुढे एक जोडून शून्य दाबाच्या तारेस नेतात. या प्रतिसंभरणामुळे ध्वनिसंकेताचे विवर्धन सुमारे ३३ पट होते.

बांधताना पुढील बाबी पाळाव्यात :

• प्रत्येक पुरवठा तारेवर ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र आयसीच्या पायांना अगदी लगटून लावावे.
• निर्गमावर १ ओहमचा रोधक व ०.२२ मायक्रोफॅरडचे धारित्र यांची जोडी शून्य तारेकडे जोडावी. ती गाळल्यास विवर्धक उच्च वारंवारतेने आंदोलन पावू लागतो.
• आयसीचा धातूचा पत्रा आतून ऋण पुरवठ्यास (पाय ३) जोडलेला असतो. त्यामुळे तो आणि हीट सिंक यांमध्ये अभ्रकाची चकती, उष्णतावाहक लेप आणि स्क्रूभोवती विसंवाहक वॉशर लावावा.
• स्पीकर, आगम व पुरवठा यांच्या शून्य तारा एकाच बिंदूवर आणाव्यात.
• इलेक्ट्रोलिटिक धारित्रांची धन-ऋण टोके तपासावीत. उलटी जोडल्यास ती फुटतात.
• डाखकाम, म्हणजे सोल्डरिंग, २५ वॉटच्या आयर्नने हवेशीर जागी करावे व नंतर हात साबणाने धुवावेत, कारण नेहमीच्या डाखेत शिसे असते.

सुरक्षितता

रोहित्राच्या प्राथमिक बाजूस फेज तारेवर प्रथम फ्यूज व नंतर स्विच असावा. सुमारे ५० व्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रास अर्ध्या अँपिअरचा मंदगती फ्यूज पुरतो. फ्यूज उडाल्यास त्याजागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद लावू नये. फ्यूज उडणे हे कुठेतरी दोष असल्याचे लक्षण आहे.

पेटी धातूची असल्यास तीन पिनांची वायर वापरून अर्थिंगची हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार पेटीस स्क्रूने घट्ट बसवावी. घुरघुर कमी होते म्हणून काही जण प्लगमधील अर्थिंगची तार तोडतात. हा उपाय प्राणघातक ठरू शकतो : रोहित्रातील विसंवाहक आवरण खराब झाल्यास पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि फ्यूज उडण्यास मार्गच राहत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हितावह आहे. तथापि फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास तो वाचवीलच असे नाही.

प्लग काढल्यावरही धारित्रांत विद्युत भार उरतो. ती पेचकसाने लघुमंडलित न करता ४७० ओहम, २ वॉटच्या रोधकाने रिकामी करावीत. ४७०० मायक्रोफॅरडचे धारित्र अशा रीतीने ११ सेकंदांत जवळजवळ पूर्ण रिते होते. त्यानंतर मल्टिमीटरने खात्री करूनच मंडलास हात लावावा.

पहिली चाचणी

नवीन विवर्धक प्रथमच थेट विजेवर जोडू नये. दुरुस्ती कारागीर वापरतात तसा 'सिरीज दिवा' फेज तारेत जोडावा. तो ६० वॉटचा, तंतूचा जुन्या पद्धतीचा असावा. एलईडी दिवा येथे उपयोगी नाही. स्विच सुरू करताच दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर धारित्रे भरली असे समजावे. तो प्रखर जळत राहिल्यास लघुमंडल आहे. वीज बंद करून दोष शोधावा. हा दिवा मंडलाचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. विजेच्या धक्क्यापासून तो संरक्षण देत नाही.

स्पीकर न जोडता प्रथम दोन्ही पुरवठा दाब आणि नंतर निर्गमावरील एकदिश दाब मोजावा. निर्गमावर काही दशक मिलिव्होल्टपेक्षा अधिक दाब नसावा. तेथे कित्येक व्होल्ट आढळले, तर स्पीकर जोडू नये. त्याचे कॉइल तापून जळते. त्यानंतर स्पीकरऐवजी ८.२ ओहम, १० वॉटचा रोधक जोडून आयसी किती तापते ते पाहावे.

दोष व निवारण

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा व निरीक्षणे वहीत नोंदवावीत. दाब मोजण्यापलीकडचे प्रत्येक काम प्लग काढूनच करावे.

• आवाजच नाही : पुरवठा दाब, फ्यूज व डाखेचे सांधे क्रमाने तपासावेत. निस्तेज, खडबडीत सांधा बहुधा कच्चा असतो.
• घुरघुर : आगमाची दोन टोके एकमेकांस जोडून पाहावीत. घुरघुर थांबल्यास दोष आगमाच्या तारेत आहे. तेथे जाळीदार आवरणाची तार वापरावी. न थांबल्यास पुरवठ्याची धारित्रे किंवा शून्य तारांची मांडणी सदोष असते. ५० हर्ट्झची खर्जातील घुरघुर बहुधा रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वा तारांमधून शिरते, तर १०० हर्ट्झची धारित्रे अपुरी पडल्यामुळे येते.
• संकेत नसताना आयसी तापणे : उच्च वारंवारतेचे आंदोलन संभवते. ०.१ मायक्रोफॅरडची धारित्रे व निर्गमावरील जोडी तपासावी.
• मोठ्या आवाजात विकृती : संकेत पुरवठ्याच्या मर्यादेस टेकतो. ±१६ व्होल्ट व ८ ओहमला सुमारे १० वॉटपेक्षा अधिक अपेक्षा करू नये.
• काही वेळाने आवाज बंद व पुन्हा सुरू : आयसीतील तापसंरक्षण कार्यरत होत आहे, हीट सिंक मोठे लावावे.
• निर्गमावर एकदिश दाब : २२ मायक्रोफॅरडचे धारित्र गळके आहे का ते पाहावे. ते एकदिश दाबाचे विवर्धन एक पटीवर रोखून धरते. गळके झाल्यास सूक्ष्म त्रुटीही कित्येक पट वाढते.

दोष प्राथमिक बाजूस, म्हणजे प्लग, स्विच वा रोहित्रात असल्यास विद्यार्थ्यांनी स्वतः दुरुस्ती न करता जाणकाराची मदत घ्यावी.

हेही पहा

• ट्रान्झिस्टर
• रोहित्र
• धारित्र
• स्पीकर