घोडा, मालक आणि इन्स्पेक्टर

टांगेवाल्याचा घोडा म्हणजे त्याचे सारे भांडवल. तेच जनावर सरकारी माणसाने दारातून सोडून न्यावे आणि ठार मारावे, असा कायदा या देशात १८७९ साली झाला. कारणही तसेच होते. ग्लँडर्स या रोगात जनावराच्या नाकातून पू वाहतो. तोच रोग कातडीत शिरला की गाठी येऊन फुटतात, त्याला फार्सी म्हणत. रोग माणसालाही जडतो.

पण कित्येक रोगी घोडी वरून धडधाकट दिसतात. नुसत्या डोळ्यांवर विसंबून निवाडा कसा करावा? ही अडचण मॅलीनने पुष्कळशी दूर केली. १८९० च्या सुमारास हेलमन व काल्निंग यांनी रशियात रोगजंतूंपासून ते तयार केले. (काल्निंग याच रोगाने गेला.) ते टोचले की रोगी घोड्याला सूज येते, ताप चढतो, निरोगी घोडा बहुधा ढिम्म राहतो.

१८९९ च्या तेराव्या कायद्याने इन्स्पेक्टरला झडतीचा व जप्तीचा अधिकार दिला. मात्र घोडा मारायचा तो पशुवैद्याचा लेखी दाखला मिळाल्यावरच. शिवाय विनाकारण छळण्यासाठी झडती घेणाऱ्या वा घोडा अडकवणाऱ्या इन्स्पेक्टरला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड! आम्हाला सबंध कायद्यात हेच कलम मोलाचे वाटते. गरीब टांगेवाला ते घेऊन कोर्टाची पायरी कितीदा चढला असेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच बांधावा. हा कायदा २००९ साली रद्द होऊन जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी एकच कायदा आला.