पांढरी

पांढरी (स्त्री.; काही भागांत 'पांढर') : गावाची वस्ती ज्या जमिनीवर उभी असते ती जमीन, गावठाण; त्यावरून खुद्द वस्ती आणि तिथले रहिवासी. हिची जोडी 'काळी'शी. काळी म्हणजे शिवारातली पिकाची जमीन. देशावर काळी आणि पांढरी मिळून गाव पुरे होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात गावाची ही विभागणी आली आहे. शेतसारा काळीवर बसे. कारागीर, दुकानदार यांच्यावरचा मोहतर्फा हे पांढरीचे देणे.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर भिंत टिकत नाही. म्हणून घरे नदीकाठच्या उंचवट्यावर किंवा मुरमाड जागी बांधली जात. पांढरीचा रंग मात्र बव्हंशी माणसांनी आणलेला आहे. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे, चुना हे सारे पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचते आणि जमीन राखट, भुरकट होते. घर पडले की ढिगारा सपाट करून त्यावरच नवे घर उठते. अशाने गाव हळूहळू टेकाडावर चढते. काळी निसर्गाची, पांढरी गावाने स्वतः घडवलेली, हा या जोडीतला खरा भेद आहे.

म्हणूनच गाव उठून गेले तरी पांढरी राहते. बेचिराख गावाच्या जागेला आजही 'पांढरीचे टेकाड' म्हणतात. पुरातत्त्वज्ञांना दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा माग अशाच टेकाडांत लागला. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावाचे नाव एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे खोदकाम केले. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली : दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी आपले मूल घराबाहेर जाऊ दिले नव्हते.

पांढरीची माती घरालाही लागते. मराठवाडा-सोलापूरकडे माळवदावर आणि खानदेशात धाब्यावर तिचा थर देतात. मृगाआधी माळवदावरचे गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, नवी माती पसरून चोपायची आणि उतार पन्हाळीकडे राखायचा. ओली झाली की ही माती घट्ट बसते व पाणी खाली उतरू देत नाही. त्यासाठी ओसाड गढीची नाहीतर जुन्या टेकाडाची माती खणून आणतात. खत म्हणून ती शेतातही पडते, म्हणजे पांढरी पुन्हा काळीत मिसळते. या खणण्यात खापरे, मणी, क्वचित नाणी वर येतात आणि बहुतेकदा मातीबरोबर जातात. मूठभर टेकाडे कायद्याने संरक्षित आहेत; बाकीची ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी सपाट होत आहेत, आणि त्यांतला एकदा विस्कटलेला थर कोणालाही पुन्हा लावता येत नाही.

महसुली दप्तरातही काळी-पांढरीची फाळणी दीर्घकाळ टिकली. काळीला सातबारा होता, गावठाणातल्या बहुसंख्य घरांना मालकीचा कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत.