बटाट्याच्या काचऱ्या

बटाट्याच्या काचऱ्या हा महाराष्ट्रीय स्वयंपाकातील कोरड्या भाजीचा एक प्रकार आहे. सोललेल्या कच्च्या बटाट्याच्या पातळ चकत्या मोहरी, हिंग व हळदीच्या फोडणीत परतून, तिखट-मीठ घालून त्या कुरकुरीत केल्या जातात. त्या पोळीबरोबर किंवा वरण-भातासोबत तोंडी लावणे म्हणून खातात. उपवासासाठी मोहरी, हिंग व हळद वगळून जिरे आणि हिरवी मिरची वापरतात.

एअर फ्रायरमधील कृती

फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बाजारात आणलेल्या एअर फ्रायरमध्ये पदार्थ तळला जात नाही. पंख्याने वेगाने फिरवलेल्या गरम हवेत तो भाजला जातो. चकत्या अर्धा तास पाण्यात ठेवल्यास पृष्ठभागावरील पिष्ट निघून जाते. त्या फडक्यावर पूर्ण कोरड्या करून थोडे तेल, तिखट, हळद व मीठ चोळतात आणि १८०° सेल्सिअसला सुमारे १५ ते २० मिनिटे ठेवून मध्ये एकदा हलवतात. भांडे भरगच्च भरल्यास चकत्या वाफेने मऊ पडतात. मोहरी-हिंगाची फोडणी वेगळी करून शेवटी वरून घालतात.

दक्षता

तेल कमी लागले तरी अतिभाजणीचा दोष टळत नाही. बटाट्यातील शर्करा व ॲस्पॅराजिन यांपासून उच्च तापमानाला ॲक्रिलामाइड तयार होते, असे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून पुढे आले. हे द्रव्य संभाव्य कर्ककारक मानले जाते. शीतकपाटात दीर्घकाळ ठेवलेल्या बटाट्यांत शर्करा वाढते व ते लवकर काळपटतात. त्यामुळे काचऱ्या सोनेरी होताच काढणे इष्ट असते.