यशवंत घाडगे: माणगावचा नाईक आणि इटलीतलं सूर्यघड्याळ

एरवी आपण इथे राजांबद्दल, तहांबद्दल, किल्ल्यांबद्दल बोलतो. आजचा भाग एका नाईकाचा आहे. नाईक म्हणजे सैन्यातला दोन फितीवाला, दहाएक जवानांच्या सेक्शनचा प्रमुख. नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं २२.

एक आधीच सांगतो. मी त्याला 'तो' म्हणणार आहे. अनादर म्हणून अजिबात नाही. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान पोरगा होता, हे बोलताना विसरायला होऊ नये म्हणून.

कोकणातला मुलगा इटलीत कसा?

३ सप्टेंबर १९३९ ला व्हॉइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या कुठल्याही पक्षाला, कुठल्याही विधिमंडळाला न विचारता. त्याच भारतातून पुढे सुमारे २५ लाख माणसं सैन्यात भरती झाली, आणि सक्तीची भरती इथे नव्हती. आता 'स्वखुशीने' हा शब्द जरा जपून वापरायला हवा. कोकणात भाताचं एक पीक, जमिनीचे तुकडे, बाकी वर्ष काय करायचं हा प्रश्न. कोणी मुंबईला गिरणीत गेलं, कोणी गोदीत, कोणी पलटणीत. महाड तालुक्यात एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. पलटण म्हणजे महिन्याचा पगार, घरी मनीऑर्डर आणि गावात मान. तिन्ही गोष्टी एकदम देणाऱ्या नोकऱ्या तेव्हा फार नव्हत्या.

यशवंतची पलटण होती पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. आज आपण जिला मराठा लाइट इन्फंट्री म्हणतो, बेळगावला जिचं केंद्र आहे, तीच ही रेजिमेंट. ही बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात, केरेनच्या डोंगरात इटालियन सैन्याशी लढली होती. तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. १९४४ मध्ये हेच रीड इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख होते, आणि त्यांची जुनी बटालियन त्यांच्याच हाताखाली लढत होती.

आता तारखा बघा. ४ जून १९४४ ला दोस्त सैन्याने रोम घेतलं. दोनच दिवसांनी, ६ जूनला, नॉर्मंडीची चढाई झाली आणि सगळ्या जगाचे कॅमेरे फ्रान्सकडे वळले. इटलीतली लढाई मात्र संपली नव्हती. जर्मन सैन्य हळूहळू उत्तरेला सरकत होतं, कारण तिथे त्यांची 'गॉथिक लाइन' ही संरक्षणफळी तयार होत होती आणि त्यांना वेळ हवा होता. वेळ कसा काढायचा? प्रत्येक टेकडीवर मशीनगन बसवायची, शत्रूला थांबवायचं, मग रात्री मागच्या टेकडीवर जायचं. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतात, दहावी डिव्हिजन अशा एकेक टेकड्या घेत पुढे चालली होती. पेपरात हेडलाइन होणार नाही अशी लढाई. मरण मात्र तेवढंच खरं.

काही क्षणांची गोष्ट

त्या दिवशी काय झालं ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या सायटेशनमध्ये आहे. मी माझ्या शब्दांत सांगतो.

मराठ्यांच्या एका कंपनीने मजबूत जर्मन मोर्चावर हल्ला केला. यशवंतचं सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडलं. तो सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. मागे कोणी नाही हे त्याला माहीत होतं. तरी तो सरळ मशीनगनवर धावून गेला. आधी ग्रेनेड टाकला. त्यात मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपले. मग टॉमी गनने आणखी एकाला मारलं. तेवढ्यात मॅगझिन रिकामं झालं.

इथे थोडं तांत्रिक थांबू. टॉमी गनच्या मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या असतात, आणि ती मिनिटाला ६००-७०० च्या वेगाने गोळ्या झाडते. म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत सगळं खल्लास. मॅगझिन बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि समोर अजून दोन माणसं होती. यशवंतने बंदूक नळीकडून धरली आणि त्या दोघांना तिने मारलं. मोर्चा त्याने एकट्याने घेतला. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या, छातीत आणि पाठीत. घेतलेल्या मोर्चातच तो गेला.

हे ऐकून छाती फुगते, हे खरं आहे. पण एक गोष्ट सांगायला हवी. ती चार माणसंसुद्धा कोणाची तरी मुलं होती, आणि बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारणं हे सिनेमातल्यासारखं नसतं. शौर्य आणि भीषणपणा इथे एकाच क्षणात आहेत. एक ठेवून दुसरं कापून टाकलं, तर आपण यशवंतची आठवण काढत नाही, पोस्टर बनवतो.

कोणासाठी लढला?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. त्याच जुलै १९४४ मध्ये नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटून जेमतेम दोन महिने झाले होते. इंफाळची मोहीम फसून जपानी सैन्य माघार घेत होतं, त्यांच्यासोबत आझाद हिंद सेनेचे जवानही. समोर ब्रिटिश-भारतीय सैन्यातले भारतीय जवान. एकाच महिन्यात भारतीय माणूस तुरुंगात होता, इंफाळला दोन्ही बाजूंना होता आणि टायबरच्या खोऱ्यातही होता.

साम्राज्यासाठी लढला म्हणून त्याला बाजूला ठेवायचं, हे एक टोक. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून बाकी प्रश्न विचारायचेच नाहीत, हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. युद्धात उतरायचं का हे यशवंतला कोणी विचारलं नव्हतं. त्या टेकडीवर, त्या क्षणी पुढे जायचं की जमिनीला चिकटून राहायचं, हे मात्र त्याचं त्याने ठरवलं. पहिल्या निर्णयाचा जाब साम्राज्याला विचारावा. दुसरा निर्णय त्याचा, आणि तो त्याच्याच नावावर राहायला हवा.

आठवण कुठे कुठे आहे

इटलीत सुमारे ५०,००० भारतीय जवान लढले. ५,७८२ परतले नाहीत. तिथल्या लढायांसाठी एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्यातल्यांना: कमल राम, यशवंत घाडगे, शेर बहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर, नामदेव जाधव. सहांपैकी तिघांना मरणोत्तर. नामदेव जाधवही मराठा रेजिमेंटचे, पण पहिल्या बटालियनचे, नगर जिल्ह्यातले. ते युद्धातून परतले आणि १९८४ पर्यंत जगले. यशवंतचं पदक त्याच्या पत्नीने स्वीकारलं. दोघांचं पदक एकच, पण एकाला म्हातारपण मिळालं.

यशवंतची इटलीत समाधी नाही. रोमच्या दक्षिणेला कॅसिनो मेमोरियल आहे. ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत, त्यात त्याचं एक. माणगावात तहसील कार्यालयापाशी त्याचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये उंब्रियातल्या मोंतोने या छोट्या गावात त्याच्या नावाने स्मारक उभं राहिलं. ते आहे सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ असा: आपण सगळे एकाच सूर्याखाली. ज्या मातीसाठी तो भरती झाला नव्हता, तिथल्या लोकांनी जवळपास ७९ वर्षांनी त्याची आठवण ठेवली.

जाता जाता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. सायटेशनमध्ये यशवंतचं नाव आहे. त्याच्या सेक्शनमधल्या बाकीच्यांसाठी फक्त एवढंच, की ते मेले किंवा जखमी झाले. एकाचंही नाव नाही. पदकाचं कामच तसं असतं, ते एका माणसावर प्रकाश टाकतं. पण नाईक म्हणजे सेक्शनचा प्रमुख, आणि सेक्शनशिवाय त्याची आठवण अर्धीच राहते.

म्हणून एक काम देतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा डेटाबेस ऑनलाइन आहे, फुकट आहे. त्यात नाव, हुद्दा, पलटण, तारीख असते, आणि बऱ्याच नोंदींत गाव आणि आईवडिलांचं नावही. मराठा लाइट इन्फंट्री निवडा, १० जुलै १९४४ टाका. मग आपला तालुका टाकून बघा. स्पेलिंग इंग्रजांनी ऐकून लिहिलेली आहेत, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधा. एखादं आडनाव ओळखीचं निघेल. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि मुंबई-गोवा हायवेने माणगावातून जाल, तेव्हा चहाला थांबताच की. पाच मिनिटं त्या पुतळ्यापाशीही थांबा.

काही सापडलं तर नक्की कळवा, पुढच्या भागात ती नावं वाचून दाखवू. भेटूच.