मेंदूच्या अँजिओग्राफीने 'सायलेंट स्ट्रोक' येतो का?

डॉक्टरांनी घरातल्या कुणाला 'मेंदूची अँजिओग्राफी' सांगितली की नातेवाईक आधी गुगल उघडतात आणि 'सायलेंट स्ट्रोक' हा शब्द वाचून घाबरतात. नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत आता कॅथलॅब आहेत, त्यामुळे या तपासणीसाठी दरवेळी खाडी ओलांडून केईएम किंवा नायर गाठावं लागत नाही. प्रश्न मात्र तोच राहतो: ही तपासणी करायची की नाही?

या तपासणीला डॉक्टर डीएसए म्हणतात. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, मानेतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात. तिथून रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. कॉम्प्युटर चित्रातून हाडं वजा करतो आणि फक्त रक्तवाहिन्या दिसतात. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे.

धोका या नळीमुळेच येतो. तिच्यावर रक्ताची बारीक गुठळी तयार होऊ शकते, रंगद्रव्यासोबत हवेचा बुडबुडा आत जाऊ शकतो, किंवा धमनीच्या आतल्या चरबीच्या थराचा कण सुटू शकतो. असा कण मेंदूतल्या छोट्या वाहिनीत अडकला की तेवढ्या भागाचं रक्त थांबतं. तोंड वाकडं होत नाही, हातपाय चालतात, रुग्ण चहा पिऊन घरी जातो. एमआरआयच्या 'डिफ्यूजन' चित्रातच पांढरा ठिपका दिसतो. म्हणून हा 'सायलेंट'.

हे किती वेळा होतं? १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये जर्मनीतल्या मार्टिन बेंडझुस यांच्या गटाचा अभ्यास आला. निव्वळ निदानासाठी केलेल्या ६६ अँजिओग्राफींपैकी १७ नंतर नवे ठिपके दिसले, म्हणजे साधारण चारात एक. पण एकाही रुग्णाला नवा त्रास जाणवला नाही. आधीपासून रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत ठिपक्यांचं प्रमाण जास्त होतं.

व्हॉट्सॲपवर फिरतो तो आकडा बहुधा 'चारात एक' एवढाच असतो, आणि लोक त्याचा अर्थ 'चारात एकाला पक्षाघात' असा घेतात. तसं नाही. अमेरिकेत १९,८२६ तपासण्यांची नोंद पाहणाऱ्या २००७ च्या अभ्यासात कायमचं अपंगत्व आणणारा स्ट्रोक ०.१४ टक्के तपासण्यांमध्ये आला, म्हणजे हजारात एक-दोघांना. म्हणून ठिपके निरुपद्रवी आहेत असंही नाही. वयस्कर लोकांच्या एमआरआयमध्ये आढळणाऱ्या सायलेंट स्ट्रोकचा संबंध पुढे स्मृतिभ्रंशाशी दिसला आहे. पण ते बहुतेक बीपी आणि वयामुळे होणारे असतात, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

धोका कमी करता येतो, हे त्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन किंवा नळीला हवा अडवणारा फिल्टर वापरल्यावर ठिपके दिसलेल्या रुग्णांचं प्रमाण २२ वरून ६ टक्क्यांवर आलं.

त्यामुळे डॉक्टरांना थेट विचारा: सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने काम भागेल का? पुष्कळदा भागतं, आणि त्यात नळी मेंदूकडे जातच नाही. पण फुटलेल्या रक्तवाहिनीचा फुगा शोधायचा असेल किंवा धमन्या-शिरांचा गुंता समजून घ्यायचा असेल, तर डीएसएइतकं बारीक चित्र दुसरीकडे मिळत नाही. तिथे ठिपक्याच्या भीतीने तपासणी टाळणं जास्त महागात पडू शकतं. मधुमेह, किडनीचा त्रास, चालू गोळ्या हे सगळं आधीच सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी आल्यावर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला किंवा अचानक दिसेनासं झालं, तर तो 'सायलेंट' राहिलेला नाही. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, म्हणून लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा आणि आधी झालेल्या अँजिओग्राफीचे कागद सोबत न्या.